पॅटनशी भिडलेले जनरल वैद्य

1965 चं युद्ध थांबल्यावर पंजाबातल्या भिखीविंड गावाजवळच्या मैदानात रणगाडे ओढून आणून उभे केले जात होते. काहींचे बुरूज फुटलेले होते, काही आतून जळून काळे पडले होते, तर काही इतके धडधाकट की इंधन भरून चालवत न्यावेत. आसपासच्या गावांतून लोक ते बघायला येत. रणगाडे पाकिस्तानी लष्कराचे, बनावट अमेरिकेची आणि नाव एका अमेरिकी जनरलचं. त्या मैदानाला ‘पॅटन नगर’ हे नाव आपोआप पडलं.

ज्या अधिकाऱ्यांमुळे हे रणगाडे त्या मैदानापर्यंत पोचले त्यांत अलिबागला जन्मलेला, एकोणचाळीस वर्षांचा एक लेफ्टनंट कर्नल होता: अरुणकुमार श्रीधर वैद्य. पुढे ते भारताचे लष्करप्रमुख झाले. महावीरचक्र त्यांना दोनदा मिळालं. महाराष्ट्राला मात्र ते आठवतात ते त्यांच्या मृत्यूमुळे. 10 ऑगस्ट 1986 ची पुण्यातली ती सकाळ इतकी भयंकर होती की तिच्यामागे चाळीस वर्षांचं काम झाकून गेलं. ते काम समोर ठेवायचं तर सुरुवात त्या अमेरिकी जनरलपासूनच करावी लागते.

जॉर्ज स्मिथ पॅटन हे 1885 साली कॅलिफोर्नियात जन्मले. 1909 मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडले आणि घोडदळात गेले. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ते आधुनिक पेंटॅथलॉन खेळले. पोहणं, तलवारबाजी, घोडेस्वारी, नेमबाजी आणि धावणं अशा पाच प्रकारांच्या या स्पर्धेत त्यांचा पाचवा क्रमांक आला. पुढच्याच वर्षी अमेरिकी घोडदळासाठी नवी तलवार आखण्याचं काम त्यांच्याकडे आलं. तलवारीचा हा माणूस पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेला आणि तिथे त्याने रणगाडा पाहिला. लांग्र गावाजवळ अमेरिकी रणगाडादलाची शाळा त्यांनी उभी केली, स्वतःच्या हाताखाली माणसं घडवली आणि 26 सप्टेंबर 1918 रोजी त्यांच्यासोबत लढताना मांडीत गोळी घेतली. युद्ध संपल्यावर अमेरिकेने रणगाड्यांवरचा हात आखडता घेतला, तेव्हा पॅटन पुन्हा घोड्यावर बसले.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांना जगभर नाव दिलं. 1942 च्या नोव्हेंबरात मोरोक्कोच्या किनाऱ्यावर उतरणं, 1943 मध्ये सिसिली, आणि 1 ऑगस्ट 1944 पासून थर्ड आर्मीचं नेतृत्व. फ्रान्समधून जर्मनीकडे ही फौज इतक्या वेगाने धावली की तिच्या इंधनाचा पुरवठासुद्धा मागे पडला. त्या डिसेंबरात आर्डेनच्या जंगलातून जर्मनांनी अचानक प्रतिहल्ला केला आणि बास्तोन्य या गावात अमेरिकी तुकड्यांना वेढा पडला. पॅटन यांनी पूर्वेकडे तोंड करून लढत असलेली फौज ऐन हिवाळ्यात, बर्फातून उत्तरेकडे वळवली आणि 26 डिसेंबरला वेढा फोडला. हजारो वाहनं, दारूगोळा, इंधन, नकाशे आणि हुकूम सगळं एकाच वेळी काटकोनात फिरवणं म्हणजे काय, हे लष्करातल्या माणसालाच नीट कळतं.

त्याच माणसाने 1943 च्या ऑगस्टमध्ये सिसिलीतल्या लष्करी रुग्णालयांत मानसिक धक्क्याने कोसळलेल्या दोन सैनिकांना थोबाडीत मारली होती. त्यांचे वरिष्ठ जनरल आयझेनहॉवर यांनी त्यांना माफी मागायला लावली. युद्धानंतर बव्हेरियाच्या कारभारात नाझींना पदांवरून काढण्याबाबत त्यांनी केलेल्या वक्तव्यांवरून थर्ड आर्मीही हातची गेली. 9 डिसेंबर 1945 रोजी जर्मनीत मानहाइमजवळ त्यांच्या मोटारीची एका ट्रकशी टक्कर झाली, मानेचं हाड मोडलं आणि 21 तारखेला हायडेलबर्गच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला. वय साठ. लक्झेंबर्गमधल्या हाम इथे त्यांच्याच फौजेतल्या सैनिकांच्या शेजारी त्यांना पुरलं आहे.

पुढे काही वर्षांतच अमेरिकेने आपल्या नव्या रणगाड्याला त्यांचं नाव दिलं. एम-46 पासून हे नाव सुरू झालं आणि एम-47, एम-48 या पुढच्या नमुन्यांनाही चिकटून राहिलं. 1954 साली पाकिस्तानने अमेरिकेशी संरक्षण मदतीचा करार केला. साम्यवादी सत्तांना अडवण्यासाठी म्हणून अमेरिकेने दिलेल्या शस्त्रांत हे पॅटन होते. 90 मिलिमीटरची तोफ, जाड चिलखत, अंतर मोजण्याचं अद्ययावत यंत्र. दक्षिण आशियात त्या तोडीचं फार थोडं होतं.

अरुणकुमार वैद्य यांचा जन्म 27 जानेवारी 1926 चा. 1945 च्या जानेवारीत ते रॉयल डेक्कन हॉर्स या रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले. त्या वेळी ही रेजिमेंट ब्रह्मदेशात जपान्यांशी लढत होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये मेइक्टिलाच्या लढाईत तिने शर्मन रणगाडे चालवले. तिकडे युरोपात पॅटनची थर्ड आर्मी ऱ्हाईन नदी ओलांडत होती, तीही शर्मन रणगाड्यांवरच. हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण वीस वर्षांनी तो एका अजब वळणावर पुन्हा समोर येतो.

डेक्कन हॉर्सचं आणि वऱ्हाडाचं एक जुनं नातं आहे. फारसं कोणाच्या बोलण्यात ते येत नाही. या रेजिमेंटची मुळं 1790 साली हैदराबादच्या निजामाच्या पदरी उभ्या राहिलेल्या घोडदळात आहेत. पुढे हे घोडदळ ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा भाग झालं. अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाचा, अशी ती व्यवस्था होती. खर्च थकत गेला, कर्ज चढत गेलं आणि अखेर 1853 च्या तहाने निजामाने या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव, पुसद, उमरखेड या भागातला कापूस आणि ज्वारी पिकवणारा शेतकरी जो सारा भरत होता, त्यातून त्या स्वारांचा पगार आणि घोड्यांचं दाणावैरण निघत होतं. पैनगंगेपलीकडे हिंगोलीला या फौजेची छावणी होती. 1903 च्या सुमारास कंटिंजंटचे रिसाले हिंदी सैन्यात सामावून घेतले गेले. 1921 मध्ये त्यांतल्या दोन रिसाल्यांची मिळून आजची डेक्कन हॉर्स झाली. मग घोडे गेले आणि रणगाडे आले. वैद्य ज्या पलटणीत घडले तिला वऱ्हाडाच्या मातीने अर्धशतकभर पोसलं होतं, एवढं तरी इथल्या माणसाने अभिमानाने सांगायला हरकत नाही.

1965 मध्ये पाकिस्तानने ऑगस्टात काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले आणि 1 सप्टेंबरला छांब भागात रणगाड्यांसह हल्ला केला. त्याचा दाब कमी करण्यासाठी 6 सप्टेंबरला भारतीय लष्कराने लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. खेमकरण भागातून पुढे जाण्याचं काम मेजर जनरल गुरबक्षसिंग यांच्या चौथ्या माउंटन डिव्हिजनकडे होतं आणि तिच्या मदतीला वैद्यांच्या नेतृत्वाखालची डेक्कन हॉर्स होती. या डिव्हिजनची जखम ताजी होती. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका आणि इटलीत नाव कमावलेली ही तुकडी तीन वर्षांपूर्वी, 1962 मध्ये, ईशान्य सीमेवर चिनी हल्ल्यापुढे कोलमडली होती.

खेमकरणमध्येही सुरुवात वाईटच झाली. पहिल्या दोन दिवसांत चढाई फसली, काही पलटणी विस्कळीत झाल्या, डिव्हिजनचं पायदळ जवळपास अर्ध्यावर आलं. समोर पाकिस्तानचं पहिलं आर्मर्ड डिव्हिजन जमत होतं. त्याचा बेत असा होता की खेमकरणहून मुसंडी मारायची, बियास नदीवरच्या पुलाकडे धावायचं आणि ग्रँड ट्रंक रस्ता तोडून अमृतसरसह सगळा पट्टा देशापासून वेगळा करायचा. पश्चिम विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबक्षसिंग यांनी पुढे लिहिलं आहे की, फौज बियासच्या मागे घेण्याची सूचना त्यांना वरून आली होती आणि त्यांनी ती मानली नाही. मागे हटायचं ते फक्त काही किलोमीटर, असल उत्तर नावाच्या गावापर्यंत, आणि तिथे पाय रोवून उभं राहायचं, असं ठरलं.

आता हिशेब पाहा. डेक्कन हॉर्सकडे होते शर्मन, तेच दुसऱ्या महायुद्धातले. वजन सुमारे 33 टन, तोफ 75 किंवा 76 मिलिमीटरची. समोर होते 45 टनांच्या वरचे पॅटन. ज्या रणगाड्यांवर बसून पॅटन यांनी बास्तोन्यचा वेढा फोडला, त्याच जातीचे जुने रणगाडे घेऊन वैद्यांना पॅटन यांच्या नावाच्या नव्या रणगाड्यांना तोंड द्यायचं होतं. समोरासमोर दूरवरून लढलं असतं तर शर्मनचा गोळा पॅटनच्या पुढच्या चिलखतावर फुकट गेला असता आणि पॅटनचा गोळा शर्मनमधून आरपार गेला असता.

रणगाड्याचं चिलखत सगळीकडे सारखं नसतं. तोंडाला जाड, कुशीला पातळ आणि पाठीला त्याहून पातळ. म्हणून दुबळ्या तोफेला एकच मार्ग उरतो: शत्रूला जवळ येऊ द्यायचं आणि त्याची कूस समोर आली की मारायचं. सांगायला सोपं, करायला महाकठीण. कारण पहिला गोळा सुटला की धूर आणि जाळ दिसतो, आपली जागा उघडी पडते. तोफेवर बसलेल्या जवानाला समोर लोखंडाचा डोंगर चालून येताना दिसतो आहे, बोट कळीवर आहे, आणि वायरलेसवर हुकूम येतो, ‘थांबा’. असा हुकूम पंचेचाळीसएक रणगाड्यांमधल्या माणसांनी पाळावा, यासाठी हुकूम देणाऱ्यावर त्यांचा पुरता भरवसा असावा लागतो. रेजिमेंटच्या कमांडरचं खरं काम हेच. कुठला रणगाडा कुठल्या आडोशाला उभा करायचा, कोणी आधी मारायचं, मारल्यावर कुठे सरकायचं, रात्री दारूगोळा आणि डिझेल-पेट्रोल कसं पोचवायचं, बिघडलेला रणगाडा कसा ओढून आणायचा, हे सगळं त्यालाच बघावं लागतं.

असल उत्तरला भारतीय फौजेने घोड्याच्या नालेसारखी रचना केली. तोंड उघडं, तिन्ही बाजूंना रणगाडे, तोफा आणि खंदकातलं पायदळ. सप्टेंबरात तिथला ऊस पुरुषभर उंच होता. त्यात शर्मन लपले. त्याच उसात शिरणाऱ्या पॅटनच्या चालकाला मात्र पुढचं काही दिसत नव्हतं, आणि बघायचं म्हणून कमांडरने झाकण उघडून डोकं वर काढलं की तो बंदुकीच्या टप्प्यात येत होता. शिवाय उसाचे शेंडे हलले की रणगाडा कुठून येतोय ते बाहेरच्याला कळत होतं.

त्यात भर पाण्याची होती. पाटाचं पाणी सोडून भारतीय फौजेने शेतं भिजवली. महागाव-पुसदकडच्या शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. भर पावसाळ्यात काळ्या वावरात ट्रॅक्टर घातला की तो कसा फसतो आणि निघण्याच्या धडपडीत आणखी कसा खाली जातो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. इथे तर 45 टनांच्या वरचं लोखंड होतं. फसलेला रणगाडा जागेवरच खिळतो, आणि खिळलेल्या रणगाड्याची कूस शोधायला वेळ लागत नाही.

8 सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाड्यांनी चाचपणी केली आणि मार खाल्ला. त्या रात्री ते पुन्हा आले आणि काही ठिकाणी पायदळाच्या खंदकांवरून पुढे निघून गेले. जवान खंदकातच राहिले. रणगाडा डोक्यावरून जात असताना जागा न सोडणं ही त्या डिव्हिजनने केलेली 1962 ची भरपाई होती. रणगाड्यांच्या मागून येणारं पाकिस्तानी पायदळ त्यांनी अडवून धरलं. पायदळाविना पुढे गेलेले रणगाडे रात्रीच्या अंधारात आंधळे होतात, हेही इथे सिद्ध झालं. 9 तारखेला आणि 10 तारखेला हल्ले चालूच राहिले. असल उत्तर आणि बाजूच्या चीमा गावाच्या परिसरात वैद्य एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जात राहिले. त्यांच्या महावीरचक्राच्या मानपत्रात नेमका याच गोष्टीचा गौरव आहे, की जिवाची पर्वा न करता ते स्वतः फिरत राहिले आणि पॅटनसारख्या वरचढ रणगाड्यांपुढे त्यांनी आपल्या जवानांचा धीर टिकवला.

हा विजय एकट्या वैद्यांचा नाही आणि तसं म्हणणं त्यांनाही आवडलं नसतं. सेकंड इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेडचे ब्रिगेडियर थिओगराज आणि थर्ड कॅव्हलरीचे लेफ्टनंट कर्नल सलीम कॅलेब यांनी 10 तारखेला महमूदपुऱ्याच्या बाजूने वळसा घालू पाहणाऱ्या पॅटनना सेंच्युरियन रणगाड्यांनी घेरलं. दोघांनाही महावीरचक्र मिळालं. फोर्थ ग्रेनेडियर्सचा हवालदार अब्दुल हमीद, उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातला, जीपवर बसवलेल्या 106 मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने एकामागून एक पॅटन टिपत गेला आणि 10 सप्टेंबरला धारातीर्थी पडला. त्याला परमवीरचक्र. एक सिंग, एक थिओगराज, एक कॅलेब, एक हमीद, एक वैद्य. ती फौज कोणाकोणाची मिळून झाली होती ते या नावांवरून दिसतं. भारताच्या अधिकृत आकड्यांनुसार या लढाईत पाकिस्तानचे 97 रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. पाकिस्तानच्या फोर्थ कॅव्हलरीचे अधिकारी आणि जवान आपले रणगाडे सोडून शरण आले. खेमकरण गाव मात्र ताश्कंद करार होईपर्यंत पाकिस्तानच्याच ताब्यात राहिलं, हीही त्या लढाईची दुसरी बाजू आहे.

सहा वर्षांनी वैद्य ब्रिगेडियर होते आणि सिक्स्टीन्थ इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेडचे कमांडर. 1971 च्या डिसेंबरात पूर्वेकडे बांगलादेशसाठी युद्ध चालू असताना पश्चिमेला शकरगढच्या टापूत, बसंतर नदीकाठी, रणगाड्यांची मोठी झुंज झाली. इथला प्रश्न असल उत्तरच्या अगदी उलटा होता. तिथे थांबून मारायचं होतं. इथे पुढे घुसायचं होतं, तेही शेकडो मीटर खोल सुरुंग पेरलेल्या जमिनीतून. आधी इंजिनिअर्सच्या तुकड्या रात्री वाट काढत, मग रणगाडे त्या अरुंद पट्ट्यातून एकामागून एक जात. त्या कामात मेजर व्ही. आर. चौधरी हे इंजिनिअर अधिकारी मृत्युमुखी पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र दिलं गेलं.

मेजर जनरल पिंटो यांच्या चोपन्नाव्या डिव्हिजनने 15 डिसेंबरला बसंतर ओलांडून पलीकडे पाय रोवला. पहाटे पाकिस्तानी रणगाडे चालून येणार हे स्पष्ट होतं आणि सुरुंगांतली वाट अजून पुरी झालेली नव्हती. वैद्यांच्या ब्रिगेडमधली पूना हॉर्स, लेफ्टनंट कर्नल हनुतसिंग यांच्या नेतृत्वाखाली, तशीच त्या सुरुंगांतून पलीकडे गेली. 16 तारखेला दिवसभर पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांचे हल्ले येत राहिले आणि मोडत राहिले. पूना हॉर्सचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पुण्यात जन्मलेला, खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेला, एकवीस वर्षांचा मुलगा, पेटलेला रणगाडा सोडायला तयार झाला नाही आणि तिथेच गेला. ‘फॅमागुस्ता’ नावाचा त्याचा तो सेंच्युरियन अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. त्याच शहरात 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि त्यात युद्धात हाती लागलेला पॅटनही बघायला मिळतो. शाळेची सहल शिर्डी-शनिशिंगणापूरला जाते तेव्हा दोन तास तिथे द्यायला हवेत.

या लढाईसाठी खेत्रपाल आणि थर्ड ग्रेनेडियर्सचे मेजर होशियारसिंग यांना परमवीरचक्र मिळालं. खेत्रपालचं मरणोत्तर होतं. हनुतसिंग यांना महावीरचक्र आणि वैद्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र. हा मान आजवर अवघ्या सहा जणांच्या वाट्याला आला आहे. दोन युद्धांत, एकदा बचाव करताना आणि एकदा चढाई करताना, दोन्ही वेळा पॅटनपुढे, असा हा माणूस उभा राहिला होता.

नंतरची वर्षं पदोन्नतीची. 1981 ते 1983 ते कोलकात्याच्या पूर्व विभागाचे प्रमुख होते. 1983 च्या जुलैअखेर त्यांनी लष्करप्रमुखपद हाती घेतलं तेव्हा वाद झाला. ज्येष्ठतेने उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा पुढे होते. इंदिरा गांधी सरकारने त्यांना डावललं आणि सिन्हांनी राजीनामा दिला. निर्णय सरकारचा होता. वैद्यांची युद्धातली कामगिरी पाहता त्यांच्या योग्यतेबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. त्यांच्या कारकिर्दीत, 13 एप्रिल 1984 रोजी, ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं आणि सियाचीन हिमनदीवर भारतीय जवान पोचले. ते आजही तिथे आहेत.

पण त्याच वर्षीच्या जून महिन्याने त्यांचं आयुष्य बदललं. अमृतसरच्या सुवर्णमंदिर परिसरात जर्नैलसिंग भिंद्रनवाले आणि त्यांच्या सशस्त्र साथीदारांनी ठाण मांडलं होतं. सरकारने लष्कराला आत पाठवलं. ‘ऑपरेशन ब्लू स्टार’मध्ये 5 आणि 6 जूनला मुख्य लढाई झाली, अकाल तख्तावर रणगाड्यांच्या तोफा चालल्या. सरकारी श्वेतपत्रिकेनुसार 83 सैनिक मारले गेले. आत सापडलेल्या इतर माणसांच्या मृत्यूचा आकडा आजही वादाचा आहे. गुरू अर्जुनदेवांच्या शहीददिनासाठी आलेले यात्रेकरू आत होते. शीख समाजाच्या काळजाला झालेली ती जखम होती. अनेक ठिकाणी शीख जवानांनी छावण्या सोडून बंड केलं. तेव्हाच्या बिहारमधल्या रामगढच्या शीख रेजिमेंट केंद्राचे ब्रिगेडियर एस. सी. पुरी आपल्याच जवानांच्या गोळीला बळी पडले.

लष्करप्रमुख म्हणून वैद्यांसाठी हे दुःख किती खोल असेल याचा अंदाज असल उत्तरवरून बांधता येतो. 1965 मध्ये त्यांच्या वरच्या तिन्ही पायऱ्यांवर शीख सेनानी होते: डिव्हिजनला गुरबक्षसिंग, कोअरला जोगिंदरसिंग धिल्लन, विभागाला हरबक्षसिंग. ज्या शेतांत त्यांनी पॅटन अडवले ती पंजाबी शेतकऱ्यांची होती आणि ज्या अमृतसरला वाचवण्यासाठी ती लढाई झाली, त्याच अमृतसरमध्ये एकोणीस वर्षांनी त्यांच्या सैन्याला शिरावं लागलं. हुकूम निवडून आलेल्या सरकारचा होता आणि लोकशाहीतल्या लष्कराने तो पाळला. त्या निर्णयाचं माप इतिहास अजून घेतो आहे. त्याचा सगळा भार एका सैनिकाच्या खांद्यावर टाकणं मात्र अन्यायाचं आहे.

31 जानेवारी 1986 ला ते निवृत्त झाले आणि पुण्यात कोरेगाव पार्कला राहायला आले. ब्लू स्टारमुळे जिवाला धोका आहे हे माहीत होतं. 10 ऑगस्टला रविवार होता. कँपातल्या बाजारातून खरेदी करून ते स्वतः मोटार चालवत घरी निघाले होते, सोबत पत्नी आणि एक सुरक्षारक्षक. राजेंद्रसिंहजी रस्त्यावर मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी जवळून गोळ्या झाडल्या. डोक्यात आणि मानेत गोळ्या लागून जनरल वैद्य जागीच गेले. पत्नी जखमी झाल्या. तो रस्ता ज्यांच्या नावाचा आहे ते जनरल महाराज राजेंद्रसिंहजी हे देखील घोडदळातूनच आलेले लष्करप्रमुख. वैद्यांचं वय तेव्हा साठ होतं, पॅटन गेले तेव्हाच्या इतकंच. दोन महायुद्धांतून आणि दोन भारत-पाक युद्धांतून निभावलेली ही दोन माणसं शांततेच्या काळात, साध्या रस्त्यावर झालेल्या घावांनी गेली. दोन हल्लेखोरांना खटल्याअंती 9 ऑक्टोबर 1992 रोजी येरवडा तुरुंगात फाशी झाली. वैद्यांना पद्मविभूषणही दिलं गेलं.

मुंबईत गोरेगाव पूर्वेला जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग आहे. पुण्यात भवानी पेठेत त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे. रिक्षावाल्याला, खेळाडूंना, बसच्या वाहकाला ते नाव रोज उच्चारावं लागतं. त्या पाट्यांखाली चार शब्द वाढवायला हवेत: ‘असल उत्तर, 1965. बसंतर, 1971.’ विदर्भातल्या शाळांत तर हे आवर्जून सांगायला हवं. नागपूरचे जनरल मनोज पांडे 2022 मध्ये लष्करप्रमुख झाले, त्याआधी पुण्याचे जनरल मनोज नरवणे होते. चंद्रपूरजवळ 2019 पासून सैनिकी शाळा सुरू आहे, छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट 1977 पासून मराठी मुलांना एनडीएसाठी तयार करते आहे आणि 2022 पासून एनडीएत मुलीही शिकतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावातून उद्या कोणी चिलखती दलात गेलं, तर प्रशिक्षणासाठी अहिल्यानगरला जावंच लागेल, आणि तिथे शर्मनने पॅटनला कसं अडवलं हा धडा त्यांच्यापुढे येईल. धडा शिकण्याआधीच तो देणाऱ्या सेनानीचं नाव त्यांना ठाऊक असावं, इतकं काम मराठी शाळा आणि मराठी घरं नक्की करू शकतात.